हृदयाला विजेचा झटका द्यायला शिकवणारा इंजिनिअर

तळोजा एमआयडीसीसारख्या ठिकाणी कारखाने आले की विजेच्या जाड तारा आल्याच. मंडळी, झटका बसून माणूस जागीच जातो तेव्हा बऱ्याचदा हृदयाची लय बिघडलेली असते. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. याच मृत्यूंमागे लागला होता अमेरिकेतला विद्युत अभियंता विल्यम कौवेनहोवन.

जन्म १८८६, ब्रुकलिन. १९१४ पासून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, पुढे तिथल्या अभियांत्रिकी शाखेचा डीन. तारांवर काम करणारे लाइनमन मरत होते आणि वीज कंपन्यांना त्यावर उपाय हवा होता. १९३३ मध्ये त्याच्या गटाने कुत्र्यांवर दाखवलं की थरथरणारं हृदय दुसऱ्या झटक्याने पुन्हा लयीत येतं. विजेनेच बिघडलेलं विजेनेच सुधारायचं! १९५७ पर्यंत छाती न उघडता झटका देणारं यंत्रही तयार झालं, पण होतं चांगलंच अवजड.

खरी गंमत १९५८ मध्ये झाली. त्याचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की, यंत्राच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब वाढतो. म्हणजे यंत्र येईपर्यंत हातांनी छाती दाबून रक्त फिरतं ठेवता येईल! सर्जन जेम्स ज्यूडसोबत १९६० मध्ये निबंध छापून आला : २० रुग्णांपैकी १४ वाचले. आजचा सीपीआर तो हाच.

पुढे बर्नार्ड लाऊन यांनी झटका हृदयाच्या ठोक्याशी जुळवून द्यायची पद्धत आणली. ठरवून दिल्या जाणाऱ्या अशा झटक्यात आज नर्सचं काम मोठं असतं. रुग्ण उपाशी आहे ना, रक्त पातळ करणारी गोळी चुकली नाही ना, पोटॅशियम ठीक आहे ना, कवळी काढली का, हे ती बघते. झोपेचं औषध दिल्यावर श्वासाकडे लक्ष. यंत्राचं 'सिंक' बटण चालू हवं, नाहीतर झटका चुकीच्या क्षणी बसून लय आणखी बिघडू शकते. ऑक्सिजन बाजूला, सगळ्यांचे हात पलंगापासून दूर, मगच झटका. नंतर ईसीजी, बीपी, शुद्ध आणि त्वचेवरचे चट्टे. (सिनेमात सरळ रेषेवर झटका देतात, तो निव्वळ सिनेमाच.)

१९६९ मध्ये हॉपकिन्सने या इंजिनिअरला मानद डॉक्टर ऑफ मेडिसिन केलं. १९७३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९७५ मध्ये, ८९ व्या वर्षी, तो गेला.