सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी (रह.) : शब्द पाळणारा विजेता

सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी (रह.) यांचे नाव घेताच हित्तीनचे रणांगण आणि बैतुल मक्दिसचा विजय डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यांच्या शौर्याच्या कथा आपल्या घराघरांतून सांगितल्या जातात. त्यांच्या आयुष्यातील अखेरचे मोठे कार्य मात्र एक तह होता, आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. ज्या शत्रूने निःशस्त्र कैद्यांची कत्तल केली होती, त्याच शत्रूशी त्यांनी बोलणी केली, अटी ठरविल्या आणि दिलेला शब्द अखेरच्या श्वासापर्यंत पाळला.

सुलतानांचा जन्म हिजरी सन ५३२ मध्ये, म्हणजे इ. स. ११३७-३८ च्या सुमारास, इराकमधील तिक्रीत येथे एका कुर्द घराण्यात झाला. वडील नजमुद्दीन अय्यूब हे तेथील किल्ल्याचे अधिकारी होते. पुढे हे कुटुंब शाम देशात आले आणि सलाहुद्दीन दमास्कसमध्ये नूरुद्दीन झंगी (रह.) यांच्या आश्रयाखाली वाढले. काका असदुद्दीन शिरकूह यांच्याबरोबर ते इजिप्तच्या मोहिमांवर गेले आणि ११६९ मध्ये तेथील वजीर झाले. ११७४ मध्ये नूरुद्दीन यांचे निधन झाल्यावर विस्कळीत झालेल्या मुस्लिम सत्तांना एकत्र आणण्यात त्यांची बारा वर्षे गेली. दमास्कस, हलब आणि अखेरीस मोसूल त्यांच्या छत्राखाली आले.

त्या काळी बैतुल मक्दिस सलीबींच्या म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या ताब्यात होते. १०९९ मध्ये त्यांनी ते शहर जिंकले, तेव्हा तेथील मुस्लिम व यहुदी रहिवाशांची भीषण कत्तल झाली होती. असे असूनही सलाहुद्दीन यांनी ११८५ मध्ये सलीबी राज्याशी चार वर्षांचा युद्धविराम केला. करकचा सरदार रेनॉल्ड याने शांततेने प्रवास करणाऱ्या मुस्लिम काफिल्यावर हल्ला करून तो करार मोडला. सुलतानांनी भरपाई मागितली, ती नाकारण्यात आली आणि युद्ध अटळ झाले. ४ जुलै ११८७ रोजी हित्तीन येथे सलीबी सैन्याचा संपूर्ण पराभव झाला. करार मोडणाऱ्या रेनॉल्डला देहदंड मिळाला. राजा गी याला मात्र जीवदान देण्यात आले.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, म्हणजे २७ रजब ५८३ हिजरी रोजी, बैतुल मक्दिसचे दरवाजे वाटाघाटीने उघडले गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीच्या रक्तपाताचा सूड घेण्याची ताकद आता सुलतानांच्या हाती होती. पण त्यांनी शहरवासीयांना अमान दिली. पुरुषामागे दहा दीनार आणि स्त्रीमागे पाच दीनार अशी खंडणी ठरली, मुलांसाठी ती नाममात्र होती. हजारो गरिबांसाठी एकत्रित रक्कम घेण्यात आली. सुलतानांचे बंधू अल्-आदिल यांनी एक हजार गरीब आपल्यासाठी मागून घेतले आणि लगेच मुक्त केले. स्वतः सुलतानांनी वृद्धांना खंडणीशिवाय सोडले. तरीही त्या काळच्या युद्धनियमांनुसार खंडणी देऊ न शकलेले अनेकजण कैदेत गेले, हेही इतिहासाने नोंदविले आहे. मात्र शहरात कोणाची कत्तल झाली नाही आणि कियामा नावाचे ख्रिस्ती लोकांचे पवित्र प्रार्थनास्थळ सुरक्षित राहिले.

या विजयाची बातमी युरोपात पोहोचताच नवी स्वारी निघाली. पुन्हा शस्त्र न धरण्याच्या वचनावर मुक्त झालेल्या राजा गी यानेच वचन मोडून ११८९ मध्ये अक्का शहराला वेढा घातला. इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप येऊन मिळाल्यावर जुलै ११९१ मध्ये अक्का पडले. शरणागतीच्या अटींच्या पूर्ततेवरून बोलणी लांबली, तेव्हा २० ऑगस्ट रोजी रिचर्डने सुमारे २,७०० मुस्लिम कैद्यांना मुस्लिम सैन्याच्या डोळ्यांदेखत ठार मारले. या आघाताने मुस्लिम छावणी इतकी संतप्त झाली की त्यानंतर काही काळ पकडलेल्या सलीबींनाही जीवदान मिळेनासे झाले.

अशा वातावरणात शांततेची बोलणी होणे अशक्य वाटावे. परंतु ती झाली, आणि लढाया चालू असतानाच झाली. सुलतानांच्या वतीने अल्-आदिल रिचर्डला भेटत राहिले. दोघांनी एकमेकांना भेटी पाठविल्या, एकत्र भोजन केले. रिचर्डची बहीण जोन आणि अल्-आदिल यांचा विवाह करून बैतुल मक्दिस त्या दांपत्याकडे सोपवावे, असाही एक प्रस्ताव पुढे आला. धर्माच्या प्रश्नावर तो विवाह घडला नाही. मधल्या काळात रिचर्ड दोन वेळा बैतुल मक्दिसच्या जवळ येऊन परतला. शहर घेतले तरी ते राखता येणार नाही, हे त्याच्या सरदारांना उमगले होते. इकडे मुस्लिम अमीरही वर्षानुवर्षांच्या मोहिमांनी थकले होते आणि खजिना आटत चालला होता.

अखेरचा पेच अस्कलानच्या किल्ल्याचा होता. रिचर्डने नव्याने बांधलेला हा किल्ला इजिप्त आणि शाम यांच्यातील वाटेवर होता. तो शत्रूकडे राहू देणे सुलतानांना परवडणारे नव्हते. ११९२ च्या उन्हाळ्यात रिचर्ड याफा येथे तापाने अंथरुणाला खिळला. सुलतानांनी त्याच्यासाठी फळे आणि पर्वतावरील बर्फ पाठविला. आजारी शत्रूला आराम मिळावा यासाठी पाठविलेल्या या भेटीने किल्ल्याबाबतची त्यांची भूमिका तसूभरही बदलली नाही. माणुसकी आणि ठामपणा या दोन्ही गोष्टी एका मनात नांदू शकतात, याचे हे उदाहरण होय.

२ सप्टेंबर ११९२ रोजी तह झाला. त्याची मुदत सुमारे तीन वर्षांची होती. सूर ते याफा हा किनारपट्टीचा प्रदेश सलीबींकडे राहिला. अस्कलानची तटबंदी पाडण्याचे ठरले. बैतुल मक्दिस मुस्लिमांकडेच राहिले आणि ख्रिस्ती यात्रेकरूंना निःशस्त्र येऊन दर्शन घेण्याची मुभा मिळाली. दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांना ये-जा खुली झाली. सुलतानांचे काझी आणि चरित्रकार बहाउद्दीन इब्ने शद्दाद यांच्या नोंदींवरून दिसते, की सुलतान मनातून या तहाबाबत साशंक होते. शत्रू पुन्हा बळ धरील अशी त्यांना भीती होती. तरीही अमीरांचा सल्ला आणि प्रजेची दशा पाहून त्यांनी स्वतःच्या इच्छेला मुरड घातली.

तहाची खरी कसोटी सही झाल्यानंतर लागते. आपल्या परवानगीपत्राशिवाय यात्रेकरूंना येऊ देऊ नये, असा निरोप रिचर्डने पाठविला. फ्रेंच सहकाऱ्यांवर त्याचा राग होता. सुलतानांनी तो मानला नाही. तहाने सर्वांना दिलेला हक्क एकाच्या रुसव्यासाठी काढून घेणे त्यांना योग्य वाटले नाही. यात्रेकरूंच्या रक्षणासाठी त्यांनी पहारे नेमले. सॅलिसबरीचा बिशप ह्यूबर्ट वॉल्टर दर्शनास आला, तेव्हा सुलतानांनी त्याची आदराने भेट घेतली आणि त्याच्या विनंतीवरून लॅटिन पाद्र्यांना पवित्र स्थळी प्रार्थनाविधी करण्याची अनुमती दिली.

यानंतर सुलतान फार दिवस जगले नाहीत. हजची इच्छा मनात असतानाच ४ मार्च ११९३ रोजी, म्हणजे २७ सफर ५८९ हिजरी रोजी, दमास्कस येथे त्यांचे निधन झाले. इजिप्तपासून शामपर्यंतच्या या स्वामीच्या खासगी खजिन्यात एक सोन्याचे नाणे आणि सत्तेचाळीस दिरहम निघाले. दफनविधीच्या खर्चासाठीही कर्ज काढावे लागले.

कुरआनच्या सूरह अल्-अन्फालमध्ये अशी शिकवण आहे, की शत्रू सलोख्याकडे झुकला तर श्रद्धावंतानेही झुकावे आणि भरवसा अल्लाहवर ठेवावा. सूरह अल्-माइदामध्ये करार पूर्ण करण्याचा आणि कोणाच्या वैरामुळे न्याय न सोडण्याचा आदेश आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हुदैबिया येथे सहाबांच्या मनाला जड वाटणाऱ्या अटीही स्वीकारल्या आणि काटेकोरपणे पाळल्या. सुलतानांनी याच वाटेवर पाऊल टाकले. त्यांचा भरवसा शत्रूच्या चांगुलपणावर नव्हता; तो अल्लाहवर होता, म्हणूनच मनात शंका असूनही ते शब्द देऊ शकले आणि पाळू शकले.

भावाभावांतील वाटणी असो, शेजाऱ्याशी जुना वाद असो किंवा दुरावलेली सोयरीक असो, आपल्यालाही समेटाचे प्रसंग येतात. समोरच्याने पूर्वी केलेला अन्याय आठवतो आणि हात मागे येतो. अशा वेळी अक्काच्या कत्तलीनंतर एका वर्षाने झालेल्या या तहाचे स्मरण ठेवावे. अल्लाह आम्हा सर्वांना सलोखा करण्याचे धैर्य आणि दिलेला शब्द पाळण्याची शक्ती देवो. आमीन.