पाचवी मागणी : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला कोपरखैरणे, बोनकोडे ही जुनी गावे आहेत आणि दुसऱ्या अंगाला १९६० च्या दशकापासून वाढत गेलेली कारखान्यांची रांग. या पट्ट्यात यंत्रात हात सापडलेल्या किंवा रसायनाने भाजलेल्या कामगाराला भरपाई मागण्याचा हक्क आहे, ही गोष्ट आता कोणाला नवी वाटत नाही. मात्र या हक्काची पहिली संघटित मागणी करणारा माणूस इथून काही मैलांवरच्या ठाण्यात वाढला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील कन्हेरसरचे, फुलमाळी समाजातले. पोटापाण्यासाठी ठाण्यास आलेले. शिक्षण ठाण्यातच झाले. घरच्या ओढगस्तीमुळे पुढे शिकता आले नाही आणि तरुण वयातच नोकरी पत्करावी लागली. आधी रेल्वे, मग टपाल खाते आणि त्यानंतर मुंबईतील मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपरची जागा. लोखंडे यांच्या आयुष्याला वळण लागले ते या शेवटच्या नोकरीत.

स्टोअरकीपर हा साच्यावरचा कामगार नसतो आणि मालकाच्या पंक्तीलाही बसत नाही. सामान देता-घेता साऱ्या खात्यांतला व्यवहार त्याच्या नजरेखालून जातो. त्या काळची गिरणी वाफेच्या एकाच इंजिनावर चाले. छताखालून फिरणारे दांडे आणि त्यांवरून यंत्रांपर्यंत आलेले चामडी पट्टे अखंड धावत असत. सैल धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात अडकला की माणूस ओढला जाई. काम दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले आणि आठवड्याची सुटी ठरलेली नव्हती. थकलेल्या शरीराकडून चूक होणारच. ती झाली की त्या कामगाराची जागा दुसऱ्याला मिळे आणि जायबंदी माणूस गावी परते. गिरणीच्या हिशेबात त्याची नोंद तिथेच संपे.

कायदा होता, पण तो तोकडा होता. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने मृताच्या वारसांना दिवाणी दावा लावता येई. मात्र मालकाचा दोष सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्याच माथी असे. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या निरक्षर विधवेने मुंबईच्या कोर्टाची पायरी कशी चढायची? १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाचे तास ठरवले, यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. अपघातानंतर काय, याचे उत्तर मात्र त्यात नव्हते.

एव्हाना लोखंडे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यात उतरले होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० मध्ये त्यांच्याकडे आले. गिरणीची नोकरी सोडून त्यांनी ते मुंबईतून चालवले.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले. लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले आणि २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात सभा भरवली. तिथे ठरलेल्या पाच मागण्यांच्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार या पहिल्या चार. पाचवी दुखापतीविषयीची होती. कामावर गंभीर जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य व्यवस्था व्हावी, असे तिचे स्वरूप होते. मालकाचा दोष दाखवण्याची अट त्यात नव्हती. जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला, तोही याच वर्षी, जुलैमध्ये. तिथे मागे राज्यसत्ता होती. परळच्या सभेमागे सह्या आणि आंगठे यांपलीकडे काही नव्हते.

‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही देशातील पहिली कामगार संघटना म्हणून गणली जाते. तिला घटना नव्हती, वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता; म्हणून काही अभ्यासक तिला युनियन म्हणायला कचरतात. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. पण ज्या कामगाराला जॉबरच्या मर्जीवर रोजी मिळे, त्याने वर्गणीची पावती फाडावी ही अपेक्षाही जरा पुस्तकीच.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणे केली. त्या वर्षी १० जूनला मालकसंघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९० च्या फॅक्टरी कमिशनवर लोखंडे यांना सहयोगी सदस्य म्हणून घेण्यात आले आणि १८९१ च्या कायद्यात विश्रांती व सुटी आली. पाचवी मागणी तशीच राहिली. सुटी दिली तर यंत्र एक दिवस थांबते. भरपाई दिली तर अपघात हा गिरणीच्या खर्चाचा भाग ठरतो, आणि मालकांना नेमके तेच नको होते.

गिरण्यांपलीकडेही त्यांचे काम पसरले होते. विधवांचे केशवपन न करण्यासाठी त्यांनी नाभिकांना संघटित केले. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर राणीच्या बागेत सलोख्याची सभा घेतली. सरकारने त्यांना रावबहादूर केले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग शिरला. रुग्णांसाठी इस्पितळ चालवत असतानाच लोखंडे यांना त्याची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्या कामगारांसाठी नुकसानभरपाईचा कायदा संमत केला.

हिंदुस्थानला आणखी २६ वर्षे थांबावे लागले. ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात असताना १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यात लोखंडे यांचा पूर्ण पगार नव्हता. तात्पुरत्या अपंगत्वासाठी सुमारे अर्ध्या वेतनाची तरतूद होती आणि कायमच्या हानीसाठी टक्क्यांची अनुसूची. पुढे त्या अनुसूचीत अंगठ्याला ३० टक्के आणि एका डोळ्याला ४० टक्के असे मोल ठरले. कंत्राटदाराच्या माणसालाही मूळ मालकाकडे भरपाई मागता येईल, हे कलम मात्र तेव्हापासून आहे. १५ तारखेच्या पगाराची मागणी तर १९३६ च्या वेतन कायद्यापर्यंत लोंबकळली. १९२३ च्या कायद्यातील तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या, आणि लोखंडे यांच्या नावाचे टपाल तिकीट २००५ मध्ये निघाले.