पदवीपलीकडचे गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

म्हैसूरच्या विजयनगरात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना मानसगंगोत्रीचे नाव नवे नाही. म्हैसूर विद्यापीठाच्या या पदव्युत्तर परिसरात गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र या तिन्ही विषयांचे अध्ययन चालते. घरातील मुलगा अगर मुलगी पदवीधर झाली, की पुढे काय शिकावे, कोठे शिकावे आणि शिकून परत यावे की बाहेरच राहावे, हे प्रश्न उभे राहतात. अशा वेळी एका मराठी गणितज्ञाचे चरित्र आठवते. या तिन्ही शास्त्रांना उपयोगी पडणारे काम त्यांनी केले. पदव्युत्तर पदवी मात्र त्यांच्यापाशी नव्हती.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश पालथे घालणारा हा पुरुष पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या कामासाठी अमेरिकेस गेला. १९१८ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेले. पुण्याच्या शाळेतून निघालेला हा मुलगा परक्या देशात, परक्या भाषेत वाढला. १९२९ साली हार्वर्डची पदवी त्याने अत्युच्च सन्मानासह मिळविली. प्रख्यात गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांचा परिचय त्या मुक्कामातलाच. वयाच्या बाविसाव्या वर्षी, पदवीचा एवढाच कागद घेऊन, कोसंबी मायदेशी परतले.

प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर, आंद्रे वेइल या तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या निमंत्रणावरून, अलीगढ येथे त्यांनी अध्यापन केले. १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. याच महाविद्यालयात त्यांच्या वडिलांनी पाली शिकविली होती. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. पुण्यातील बारा वर्षांत वर्गातील तास सांभाळून त्यांनी जे काम केले, ते पाहिले म्हणजे मन थक्क होते.

संख्याशास्त्राकडे ते वळले ते स्वतःच्या प्रयत्नाने, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेला विषय होता जुनी नाणी. नाणे या हातातून त्या हातात जाताना किंचित झिजते. एकाच वजनाची पाडलेली नाणी जितका अधिक काळ चलनात राहतील, तितके त्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांतील तफावत वाढते. या साध्या तत्त्वावर कोसंबींनी प्राचीन आहत नाण्यांचा अभ्यास उभारला. हजारो नाणी त्यांनी नाजूक तराजूवर तोलली. पद्धतीची खात्री करून घेण्यासाठी चालू व्यवहारातील नाणीही तोलली. लेखी पुरावा नसलेल्या नाण्यांचा क्रम अशा रीतीने गणिताने लावता येऊ लागला. इतिहासाच्या अभ्यासाकडे ते पोहोचले ते याच वाटेने.

१९४३ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाची कल्पना मांडली. अफाट आणि गुंतागुंतीच्या माहितीतून तिचा बहुतांश आशय सांगणारे मोजकेच मूळ घटक कसे वेगळे काढावेत, हा तिचा गाभा. थोड्याच काळाने कारहुनेन आणि लोएव्ह या युरोपीय गणितज्ञांनी ती स्वतंत्रपणे मांडली, आणि जगात ती त्यांच्या नावाने रूढ झाली. आज संगणकावर वाऱ्याच्या अगर पाण्याच्या खळबळत्या प्रवाहाचा अभ्यास करताना हीच पद्धत वापरतात. १९४४ सालचा त्यांचा दुसरा लेख आनुवंशिकीचा. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांनी दिलेले सूत्र मात्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि पिकांच्या संशोधनात ते आजही वापरात आहे.

पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत त्या वेळी नव्यानेच घडत असलेल्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांची पाहणी केली. राहणे पुण्यात आणि काम मुंबईत, त्यामुळे डेक्कन क्वीनचा प्रवास त्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये आणि भारतीय इतिहासावरील त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चरित्राला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवू नये. कोसंबी स्वभावाने एकांडे आणि परखड होते. त्यांच्या अनेक विषयांत बरोबरीने चालणारा सोबती जवळ नव्हता. १९५९ मध्ये रीमानच्या प्रसिद्ध अनुमानाची सिद्धता त्यांनी संभाव्यतेच्या मार्गाने मांडली, आणि तीही कृषी-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात. ती टिकली नाही, आणि त्यांच्या गणिती कीर्तीला तिने धक्का दिला. १९६२ मध्ये संस्थेशी असलेला त्यांचा करार पुढे वाढविला गेला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

पदवीवाचून कोसंबींचे फारसे अडले नाही. सोबतीवाचून मात्र अडले, असे त्यांचे चरित्र वाचताना वाटते. विद्यापीठाचा पदव्युत्तर विभाग विद्यार्थ्याला प्रमाणपत्राखेरीज आणखी एक गोष्ट देतो : आपली चूक वेळीच दाखविणारे गुरू आणि गुरुबंधू. आपल्या मुलांना तेथे धाडताना हा लाभ आपण ध्यानी घ्यावा. आणि कोसंबींकडून घ्यावी ती दृष्टी. जगातील उत्तम विद्या दूर देशी शिकून आलेल्या या माणसाने ती आपल्याच मातीतून निघालेल्या, झिजलेल्या नाण्यांवर लावली, आणि त्या मुक्या नाण्यांना बोलते केले.