एकोणिसावा क्रमांक

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या कपाटातील ढाली आणि चषक पुसून पुन्हा मांडताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. त्या सर्वांवर पहिल्या क्रमांकाचीच नावे कोरलेली आहेत. शर्यत शेवटपर्यंत धावलेल्या इतर मुलामुलींची नोंद कोठेही नाही. त्या वेळी बेळगावच्या एका धावपटूचे स्मरण झाले. ऑलिंपिकमध्ये ज्यांचा क्रमांक एकोणिसावा आला, त्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे चरित्र आपल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घ्यावे, असे मनापासून वाटते.

काळ पहिल्या महायुद्धानंतरचा. देश पारतंत्र्यात होता. पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१९ मध्ये मैदानी स्पर्धा भरविल्या. अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बरेचसे तरुण शेतकरी कुटुंबांतील होते. पायांत बूट नव्हते, शास्त्रोक्त शिक्षण नव्हते, शर्यतीचे पाश्चात्त्य नियमही त्यांना नीटसे ठाऊक नव्हते. दोराबजींचे शिक्षण केंब्रिजमध्ये झालेले असल्याने युरोपातील खेळाडूंची कामगिरी त्यांना परिचित होती. हे अनवाणी तरुण त्या खेळाडूंच्या फारसे मागे नाहीत, हे त्यांनी ओळखले. इतरांना जिथे केवळ रांगडी धाव दिसली, तिथे त्यांना ऑलिंपिक दिसले.

ते नुसते कौतुक करून थांबले नाहीत. बेल्जियममधील अँटवर्प येथे १९२० साली ऑलिंपिक व्हावयाचे होते. तेथे भारताला प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी खटपट केली आणि खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला. निवड होऊन धावपटू व मल्ल यांचे एक छोटेसे पथक तयार झाले. त्यात बेळगावचे चौगुले होते. बोटीने समुद्र ओलांडून हे तरुण इंग्लंडला पोहोचले. तेथे काही आठवडे सराव करून ते अँटवर्पला गेले.

तेथे चौगुले दहा हजार मीटरच्या शर्यतीतही उतरले होते. परंतु प्राथमिक फेरीपुढे त्यांना जाता आले नाही. हे अपयश पाठीशी घेऊनच २२ ऑगस्ट १९२० रोजी ते मॅरेथॉनसाठी उभे राहिले. आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. त्या दिवशीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होता. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत विजयी झाले. चौगुले यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले यांनी मात्र २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत अंतिम रेषा ओलांडली. क्रमांक होता एकोणिसावा.

पदक नसल्याने हे नाव पुढे मागे पडले. परंतु त्या पथकाने उघडलेली वाट बंद झाली नाही. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९५१ साली आपल्या दिल्लीतच पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या, तेव्हा मॅरेथॉनचे सुवर्णपदक भारताच्या छोटा सिंग यांनी मिळविले. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे आले.

या वाटेवर मुलींना मात्र फार उशिरा प्रवेश मिळाला. चौगुले धावले त्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी धावण्याची एकही शर्यत नव्हती. १९२८ मध्ये त्या सुरू झाल्या. पण आठशे मीटरची धाव स्त्रीच्या शरीराला झेपत नाही, असे ठरवून ती पुढे १९६० पर्यंत वगळण्यात आली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये धावली, तेव्हा चौगुले यांच्या धावेला शहाण्णव वर्षे झाली होती. पायांतील बळ मुलींकडे त्याही काळी होतेच. ते ओळखणारा दोराबजी त्यांना भेटला नव्हता.

नववी-दहावीत पोहोचलेल्या मुलीचे मैदान अभ्यासाच्या नावाखाली सर्वांत आधी सुटते, हे मुख्याध्यापिका म्हणून मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. पहिली येणार नसेल तर धावून उपयोग काय, हा प्रश्न आम्हीही नकळत मुलांच्या मनात रुजविला. चौगुले यांनी तसा विचार केला असता, तर त्या मॅरेथॉनच्या निकालात भारताचे नावच उरले नसते.

म्हणून या हीरक महोत्सवी वर्षापासून शाळेने एक नवी नोंदवही सुरू केली आहे. क्रीडादिनी लांब पल्ल्याची शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाचे व मुलीचे नाव, लागलेल्या वेळेसह, तिच्यात लिहिले जाईल. पहिल्या पानावर फडेप्पा चौगुले यांचे नाव, वेळ आणि क्रमांक लिहिला आहे.