शंकर-जयकिशनमधले शंकर

जोडनावाला एक शाप असतो. ते उच्चारताना त्यामागे दोन माणसे आहेत याचा हळूहळू विसर पडतो. आणि आठवण झालीच, तर कौतुक बहुधा एकाच्याच वाट्यास येते. शंकर-जयकिशन या नावाचे असेच झाले. जयकिशन देखणे, हौशी, माणसांत रमणारे. त्यात ऐन बहरात निवर्तले. रसिकांचा जीव त्यांच्याकडे अधिक ओढला गेला यात नवल नाही. शंकर करड्या शिस्तीचे व स्पष्टवक्ते. त्यांचे मोठेपण मात्र पुरते जोखले गेले नाही.

शंकरसिंग रघुवंशी हे आपल्या हैदराबादेत वाढले. तबला आणि तालीम हे त्यांचे दोन नाद. सत्यनारायण-हेमावती यांच्या नृत्यपथकातून ते मुंबईस पोहोचले आणि पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये तबलजी झाले. एका गुजराती दिग्दर्शकाच्या कचेरीत कामासाठी खेपा घालताना बांसदा संस्थानातून आलेला एक तरुण पेटीवादक त्यांना भेटला. शंकरांनी त्याला पृथ्वी थिएटर्समध्ये नेऊन पेटीवर बसविले. तेच जयकिशन. म्हणजे जोडी जमली ती थोरल्याच्या पुढाकाराने.

राज कपूर यांच्या १९४९ मधील 'बरसात'ने दोघांचे नाव घरोघर नेले. पुढे 'आवारा', 'श्री ४२०', 'चोरी चोरी' अशी रांगच लागली. साथीला गोमंतकाची दोन माणसे होती : ठेका सांभाळणारे दत्ताराम आणि वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसोझा. कामाची वाटणीही ठरून गेली होती. शैलेंद्रांची गीते बहुधा शंकरांकडे, हसरत जयपुरींची जयकिशनांकडे. पार्श्वसंगीतात जयकिशनांचा हात मोठा. परंतु कोणती चाल कोणाची, हे बाहेर सांगावयाचे नाही असा संकेत होता.

शास्त्रीय बैठकीच्या चालींचे श्रेय मात्र जाणकार बहुधा शंकरांना देतात. १९५६ च्या 'बसंत बहार'मध्ये पं. भीमसेन जोशी व मन्ना डे यांची गायनाची चुरस आहे, आणि कथेप्रमाणे जिंकावयाचे होते मन्ना डे यांनी! त्या कल्पनेनेच ते बिचकले होते. तरी ते गाणे उभे राहिले आणि आजही कानांत आहे. भैरवीवर या जोडीचा इतका लोभ, की सामान्य श्रोताही तो राग त्यांच्या गाण्यांतून ओळखू लागला.

१९६४ च्या 'संगम'च्या सुमारास दोघांत दुरावा आला. कामे वेगळी होऊ लागली. पाटी एकच राहिली. १९६८ साली दोघांना पद्मश्री मिळाली. १२ सप्टेंबर १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, जयकिशन गेले. त्यानंतर राज कपूर यांनी १९७३ च्या 'बॉबी'चे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे सोपविले. शंकरांना दारे एकेक करून बंद झाली. १९७५ च्या 'संन्यासी'ने एकवार यश दिले, तेवढेच.

अशा पडत्या काळात केवळ आपले नाव लावण्याचा मोह कोणासही झाला असता. चाली एकट्याच्या, कष्ट एकट्याचे. मग दुसरे नाव कशाला? शंकरांनी तसे केले नाही. २६ एप्रिल १९८७ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर जवळजवळ सोळा वर्षे प्रत्येक चित्रपटावर नाव लागले ते शंकर-जयकिशन असेच. मैत्रीत तेढ आली होती. तरीही दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. ज्याचा वाटा लोक विसरले, त्यानेच सोबत्याचा वाटा अखेरपर्यंत राखला. त्यांच्या चालींइतकीच ही गोष्टही स्मरणात ठेवावयास हवी.