अहल्याबाई व सावकाराची विधवा

अहल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली चौंडी गावी झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. बाई सती जावयास निघाल्या असता सासरे मल्हारराव यांनी त्यांस आवरिले. पुढे १७६६ साली सासरे व १७६७ साली एकुलता पुत्र मालेराव निवर्तले. घरात विधवाच उरली असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरिला, व राघोबादादाही दौलतीवर डोळा ठेवून चालून आले. बाई डगमगल्या नाहीत. पेशवे माधवराव यांनी त्यांचा अधिकार मान्य केला.

पुढली गोष्ट सर जॉन माल्कम याने लिहून ठेविली आहे. सेनापती तुकोजी होळकर यांचा तळ इंदुराजवळ असता तेथील एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. अशा धनावर सरकारचा हात पडावा, ही त्या काळची सर्रास रीत होती. स्वार्थी लोकांच्या सांगण्यावरून तुकोजींनी वाटा मागितला. (अशी माणसे आमच्या गावांतही आहेत, विधवेच्या अंगठ्यासाठी ती कागद घेऊन फिरतात.) ती बाई महेश्वरास धावली. अहल्याबाईंनी तिची हकीकत ऐकिली, आणि घर व सर्व मालमत्ता तिचीच, याची खूण म्हणून तिला वस्त्रे दिली. तुकोजींस हुकूम गेला की, तळ हलवावा व शहरास अन्यायाचा उपद्रव देऊ नये. तुकोजी वयाने वडील असूनही बाईंस मातोश्री म्हणत. त्यांनी तत्काळ तळ उठविला.