डॉक्टर एडिथ पीची-फिप्सन

मुंबईस बोरीबंदराजवळ असलेलें स्त्रियांचें कामा हॉस्पिटल पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु त्याचा कारभार प्रथम ज्या डॉक्टरीणबाईंनीं हातीं घेतला, त्यांचें नांव फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या एडिथ पीचीबाई होत. त्यांचें शिक्षण एका विद्यापीठांत सुरू झालें, पदवी दुसऱ्या देशांतील विद्यापीठानें दिली आणि धंद्याचा परवाना तिसऱ्याच ठिकाणीं मिळाला. असें कां झालें, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घेण्याजोगें आहे.

पीचीबाईंचा जन्म इ. स. १८४५ च्या ऑक्टोबरच्या ७ व्या तारखेस इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील लँगहॅम गांवीं झाला. वडील बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. आई वकिलाची कन्या असून तिला ग्रीक भाषा येत असे. अशा विद्याप्रेमी घरांत वाढलेल्या पीचीबाईंनीं मोठेपणीं कांहीं वर्षें शिक्षकिणीचें काम केलें. पण वैद्यक शिकावें अशी त्यांची इच्छा होती, आणि त्या काळीं ब्रिटनमधील एकही विद्यापीठ स्त्रीस वैद्यकाची पदवी देत नसे.

इ. स. १८६९ सालीं सोफिया जेक्स-ब्लेक या बाईंनीं स्कॉटलंडांतील एडिंबरो विद्यापीठाकडे प्रवेशासाठीं अर्ज केला. एकट्या स्त्रीसाठीं निराळी व्यवस्था करणें शक्य नाहीं, असें उत्तर आलें. तेव्हां त्यांनीं वर्तमानपत्रांतून आणखी सोबतिणी शोधल्या. पीचीबाई त्यांत सामील झाल्या, व पुढें या विद्यार्थिनींची संख्या सातवर गेली. त्यांस पुरुषांबरोबर बसण्याची मोकळीक नव्हती. त्यांचे वर्ग निराळे भरत, फी अधिक पडे, आणि शिकवावें कीं नाहीं हें ज्या त्या प्राध्यापकाच्या मर्जीवर असे.

इ. स. १८७० सालीं रसायनशास्त्राच्या परीक्षेंत प्रथमच तो विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांमध्यें पीचीबाई पहिल्या आल्या. या यशाबद्दल त्यांस होप शिष्यवृत्ति मिळावयास पाहिजे होती. पण त्यांचा वर्ग निराळ्या वेळीं भरतो या सबबीवर ती त्यांच्याखालीं आलेल्या पुरुषास देण्यांत आली. नवल हें कीं, प्राध्यापक होप यांनीं शहरांतील स्त्रियांना दिलेल्या व्याख्यानांच्या उत्पन्नांतूनच ही शिष्यवृत्ति उभारली होती! त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या १८ तारखेस या विद्यार्थिनी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेस गेल्या असतां दंगेखोर जमावानें त्यांच्यावर चिखल फेंकला, फाटक लावून घेतलें आणि परीक्षेच्या दालनांत एक मेंढरूं सोडलें. तरी त्यांनीं परीक्षा दिलीच.

पुढें विद्यापीठानें पदवी देण्याचें नाकारल्यामुळें प्रकरण न्यायालयांत गेलें. इ. स. १८७३ सालीं निकाल विरुद्ध लागला. या स्त्रियांस मुळांत प्रवेशच द्यावयास नको होता, असें ठरलें. चार वर्षांचे श्रम, पैसा व आशा, सर्व व्यर्थ गेल्यासारखें दिसलें. अशा वेळीं घरीं परत जाणें किती सोपें होतें! पण पीचीबाईंनीं पदवी नसतांही बर्मिंगहॅमच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलांत काम करून आपला अनुभव वाढविला. नंतर त्या स्वित्झर्लंडांतील बर्न विद्यापीठांत गेल्या, आणि इ. स. १८७७ च्या जानेवारींत परकी अशा जर्मन भाषेंत परीक्षा देऊन त्यांनीं एम्. डी. ही पदवी मिळविली.

एवढ्यानेंही काम संपलें नाहीं. परदेशच्या पदवीवर ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहींत नांव चढत नसे. परंतु परीक्षक संस्थांस वाटल्यास त्यांनीं स्त्रियांनाही परवाना द्यावा, असा कायदा इ. स. १८७६ सालीं झाला होता. या कायद्याचा उपयोग आयर्लंडांतील डब्लिनच्या वैद्यक कॉलेजानें प्रथम केला. तेथें पुनः परीक्षेस बसून पीचीबाई १८७७ सालींच उत्तीर्ण झाल्या, आणि पुढें सुमारें सहा वर्षें त्यांनीं लीड्स शहरीं धंदा केला.

इकडे मुंबईंत पुरुष डॉक्टरांपुढें जाण्यास संकोच वाटून अनेक स्त्रिया औषधोपचारावांचून राहत. म्हणून किट्रिज नांवाचे अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं निधि जमविला, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांनीं हॉस्पिटलासाठीं मोठी देणगी दिली. पीचीबाईंस बोलावणें गेलें. इ. स. १८८३ च्या डिसेंबरांत त्या मुंबईस उतरल्या. हॉस्पिटल १८८६ सालीं उघडलें. त्यांनीं हिंदुस्थानी भाषा शिकून घेतली, परिचारिका तयार केल्या आणि बालविवाहाविरुद्ध व्याख्यानें दिलीं. रखमाबाईंच्या खटल्याच्या कठीण काळीं त्या त्यांच्या पाठीशीं उभ्या राहिल्या. जेक्स-ब्लेकबाईंनीं इ. स. १८७४ सालीं लंडन येथें स्त्रियांचें वैद्यक विद्यालय काढलें होतें. त्याच विद्यालयांत रखमाबाई १८८९ सालीं शिकावयास गेल्या, आणि डॉक्टर होऊन त्यांनीं सुरत व राजकोट येथें सेवा केली. जी वाट पीचीबाईंस आडवळणानें जाऊन शोधावी लागली, ती रखमाबाईंस सरळ मिळाली.

इ. स. १८८९ सालींच पीचीबाईंचा विवाह मुंबईंतील व्यापारी व निसर्गाभ्यासक हर्बर्ट फिप्सन यांच्याशीं झाला. मधुमेहामुळें पुढें त्यांस हॉस्पिटल सोडावें लागलें. तरी खासगी धंदा त्यांनीं चालू ठेविला. इ. स. १९०५ सालीं त्या मुंबई सोडून मायदेशीं गेल्या आणि १९०८ च्या एप्रिलच्या १४ तारखेस निवर्तल्या. एडिंबरो विद्यापीठानें त्या सात विद्यार्थिनींस इ. स. २०१९ सालीं, म्हणजे दीडशें वर्षांनीं, मरणोत्तर सन्मान्य पदवी अर्पण केली. ती घेण्यास त्यांपैकीं कोणीही हयात नव्हती.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कित्येकांस पुढें एक शाळा वा कॉलेज सोडून दुसरें गांठावें लागेल. कधीं स्वखुषीनें, कधीं नाइलाजानें. तेव्हां पहिल्या ठिकाणीं केलेले श्रम फुकट गेले असें मानूं नका. एडिंबरोनें पीचीबाईंस पदवी दिली नाहीं. पण तेथें शिकलेली विद्या त्यांच्याबरोबर बर्न, डब्लिन व मुंबई येथें गेली. आणि पालकांस एवढीच विनंती कीं, मुलीच्या शिक्षणांत पहिली अडचण येतांच तिला घरीं बोलावूं नये. दुसरें दार कोठें उघडें आहे, हें तिच्याबरोबर आपणही शोधावें.